बिनगचक्याची गाडी

३ ऑगस्ट

प्रिय ताई,

इकडे सगळं ठीक आहे असं लिहून सुरुवात करायची माझी सवय तुला माहीत आहे. आज तसं लिहवत नाही. ह्यांनी मला जीप शिकवायला काढली आहे.

हसू नकोस. इतक्या वर्षांत ह्या माणसाने मला त्या म्हातारीच्या स्टीअरिंगवरची धूळसुद्धा पुसू दिली नव्हती. "तिला माझ्या हाताची सवय आहे," म्हणायचे. आणि परवा सकाळी चहा पिताना, माझ्याकडे न बघता, "आजपासून तू चालवायचीस." मी म्हटलं, का? तर म्हणे मधाच्या पेट्या हलवायला दोन चालवणारे हवेत. ताई, पेट्या हलवायला अजून कितीतरी अवकाश आहे. फुलोरा संपल्याशिवाय आम्ही एक पेटी जागची उचलत नाही, हे मला ह्यांनीच शिकवलं. आई म्हणायची ना, न मागता कुणी काही दिलं तर आधी उलटं करून बघावं. मी ही मेहरबानी चारी बाजूंनी उलटी करून बघतेय.

शिकवण्याची तऱ्हाही विचित्र. गाडी पुढे गेली, वळली, वेळेवर थांबली, ह्याचं ह्यांना कौतुक नाही. दोन सीटच्या मधे पाण्याने काठोकाठ भरलेलं पातेलं ठेवतात. सांडलं की थांबायचं, उतरायचं, विहिरीवरून भरून आणायचं. पहिल्या दिवशी मी गाडी कमी चालवली आणि पाणीच जास्त भरलं. क्लचवरचा पाय उचलला की म्हातारी बेडकासारखी उडी मारते आणि गप्प होते. हे म्हणतात, "पाय उचलू नकोस, वर येऊ दे. मधे एक जागा येते, तिथे गाडी धरते. तिथे थांब. तिने धरलं की मग सोड." इतकी वाक्यं हे माझ्याशी सलग कधी बोलल्याचं आठवत नाही. बोलायचं ते सगळं माश्यांशी.

पाणी कुठंतरी मुरतंय, आणि ते पातेल्यातलं नव्हे.

मागच्या महिन्यात तुझं पत्र नाही आलं. शिलाईचं मशीन बिघडलं होतं का?

तुझी,
छोटी


१४ ऑगस्ट

छोटे,

पत्र आलं नाही म्हणून कुरकुरू नकोस. लोकांच्या कपड्यांतून मान वर काढायला फुरसत नव्हती.

तुझ्या नवऱ्याबद्दल मी लग्नाआधीच बोलले होते, तेव्हा तू तीन दिवस माझ्याशी अबोला धरलास. माश्यांच्या तोंडचं काढून पोट भरणारा माणूस, त्याच्या दारात पाऊल ठेवणार नाही म्हटलं आणि ठेवलं नाही. मी अर्धं आयुष्य लोकांची मापं घेण्यात घालवलं. टेप कमरेला लावला की माणूस पोट आत घेतो. तुझा नवरा मला पहिल्या दिवसापासून पोट आत घेऊनच उभा दिसतो. तो तुला गाडी शिकवतोय तर आधी विचार कर, गाडी तुझ्या हाती दिल्यावर तो स्वतः कुठे जाणार आहे? एक तर सगळं काम तुझ्या गळ्यात घालून चालता होईल. नाहीतर गाडीत काहीतरी वाकडं न्यायचं असेल आणि पकडली गेली तर स्टीअरिंगवर तू सापडायला हवीस. पाणी सांडू न देणं कशासाठी लागतं? जे न्यायचं ते फुटणारं असतं किंवा गुपचूप न्यायचं असतं.

जगच तसं आहे. आमचा खालचा औषधवाला बघ. इतकी वर्षं जिन्यात दिसला तर मान हलवायचा, तेवढाच संबंध. हल्ली दिवसातून दोनदा वर येतो, दूध आणतो, खिडकी उघडून देतो, "काही हवं का?" विचारतो. त्याला दुकानाच्या गोदामासाठी माझी खोली हवी असणार, दुसरं काय? मी दूध घेते आणि गप्प बसते.

डोळे उघडे ठेव.

ताई


२७ ऑगस्ट

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी ह्यांच्याकडे चोराकडे बघावं तशी बघत होते. त्यांनी विचारलं, "पोटात दुखतंय का?"

आता नवीन ऐक. गाडी मला येऊ लागली आहे, हे आधी सांगते, कारण त्यात मला खरंच मजा येते आणि मजा येते म्हणून रागही येतो. ओढ्याकडचा खडकाळ उतार तुला ठाऊक नाही. तिथे छोट्या दांड्याने गाडी लो मधे, म्हणजे गोगलगायीच्या चालीला, टाकायची, पहिला गिअर घालायचा, आणि मग ब्रेकला पाय लावायचा नाही. इंजिनच तिला धरून ठेवतं. मोठा दगड आला की त्याला घाबरून वेग घ्यायचा नाही. चाक त्याच्यावर चढू द्यायचं, वर टेकू द्यायचं, आणि खाली उतरतानाच सांभाळायचं. "चढताना कुणीही चढतं, पडतं ते उतरताना," हे ह्यांचं म्हणणं. अंगठे स्टीअरिंगच्या आत घालायचे नाहीत, दगडाने चाक फिरलं तर मोडतात. परवा अर्धं पातेलं घरी परत आणलं.

पण काल सुतार आला. त्याने मागचं एक सीट काढून तिथे एक लांब फळी बसवली, वर गादी, दोन्ही कडांना गुंडाळलेली घोंगडी. मी विचारलं तर हे म्हणाले, "पेट्यांना मऊ लागतं." पेट्या चौकोनी असतात, ताई. ही फळी माणसाएवढी आहे. हे गोठ्याकडे गेल्यावर मी तिच्यावर झोपून बघितलं. माझ्या पायांखाली वीतभर गादी उरली. म्हणजे माझ्यासाठी नाही. सासूबाई तर माझ्याहून बुटक्या. आता त्या फळीवर वाळूची पोती आडवी बांधतात आणि मला म्हणतात, पोत्यांना झोप लागली पाहिजे अशी चालव.

शिवाय दर आठवड्याला रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याच्या दुकानातून कुणाला तरी फोन करतात. मी जवळ गेले की "बरं, ठेवतो."

तू सांग, माझ्याहून उंच कोण?

आणि पेन्सिलने का लिहितेस? अक्षरही वर चढत गेलंय. लहानपणी मला ह्याच कारणासाठी पट्टीने मारायचीस.

छोटी


७ सप्टेंबर

छोटे,

पेन गळतं म्हणून पेन्सिल. गिऱ्हाइकाच्या कापडावर डाग पडला तर भरून तू देणार आहेस का? नको तिथे नाक खुपसू नकोस, आहे तिथे बघ.

माझ्याहून उंच कोण, हे मला काय विचारतेस? बाई आहे. लिहायचं नव्हतं, पण हाताच्या कांकणाला आरसा कशाला? फळी, गादी, घोंगडी, फोन. कुणीतरी आजारी किंवा अवघडलेली बाई आहे, तिला तुझ्याच हाताने तुझ्याच घरी आणवणार, आणि म्हणणार, छोटे, हिची सेवा कर. मांजर डोळे मिटून दूध पितं तसं चाललंय त्याचं. वर तुझ्याकडूनच गाडी हाकवायची, म्हणजे उद्या तू तक्रार केलीस तर म्हणायला मोकळा, तूच तर आणलीस.

मी सांगते ते कर. शिकू नकोस. मुद्दाम बंद पाड. गचके दे, पोती पाड. तुला जमत नाही असं त्याला पटलं की बेत आपोआप बारगळेल.

इकडे औषधवाल्याने कळस केला. तुला मागचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी पुड्या बांधायचा लाल-पांढरा दोरा घेऊन आला आणि माझ्या पलंगाशी मापं घेत बसला. म्हणे मच्छरदाणी आणून देतो. एका शिंपिणीच्या खोलीत येऊन दोऱ्याने माप घेतो, तेही गाठी मारून. टेप भिंतीला लटकत होता, तो दिसला नाही. मच्छरदाणी अजून आलेली नाही. पलंगासकट मला बाहेर काढायचा विचार दिसतो.

ताई


१८ सप्टेंबर

ताई,

तू सांगितलंस तसं केलं.

ओढ्याच्या उतारावर मी क्लच एकदम सोडला. दोनदा. दुसऱ्यांदा पोतं फळीवरून घरंगळून दारावर आपटलं आणि फाटलं. हे खाली उतरले, पोत्याजवळ गेले आणि सांडलेली वाळू ओंजळीने परत भरू लागले. वाळू, ताई. ओढ्यात हवी तेवढी पडली आहे. मग दगडावर बसले, डावा गुडघा दोन्ही हातांत धरला, आणि मी पाहिलं तर डोळे भरलेले.

मी म्हटलं, "कोण आहे ती? आज सांगायचंच."

त्यांनी गुडघा सोडला. मग म्हणाले, "शब्द दिलाय. पण तू असं पुन्हा करू नकोस. माझ्याच्याने हे होत नाही म्हणून तुला शिकवतोय. हा गुडघा आता वाकतो तेव्हा हिसकाच देतो. क्लच माझ्या ताब्यात राहिला नाही."

आम्ही घरी आलो. गाडी मी चालवली, आणि लाजेने म्हण किंवा कशाने म्हण, एकही गचका बसला नाही.

संध्याकाळी सीटखाली पाना शोधताना हाताला एक पुडी लागली. मागे एकदा बसच्या ड्रायव्हरने ह्यांच्या हातात दिलेली. आत दोरा होता, गाठी मारलेला. मी तो फळीवर लावला. या गाठीपासून त्या गाठीपर्यंत, बरोबर फळीएवढा.

दोरा लाल-पांढरा आहे, ताई.

मग तुझी ह्या दोन महिन्यांतली दोन्ही पत्रं काढून शेजारी मांडली. दोन्ही पेन्सिलने. मग मी पलंगावर उताणी झोपून पेनने लिहून बघितलं. चार अक्षरं उमटली आणि शाई बंद झाली.

तुझ्यासारखी संशयी मीही आहे, तूच वाढवलीस. म्हणून एकच विचारते आणि ह्या वेळी सरळ उत्तर दे. तू शेवटची उभी कधी राहिलीस?

छोटी


२६ सप्टेंबर

छोटे,

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, असं तू मनात म्हणाली असशील. म्हण.

जुलैत जिन्यात पडले. कापडाचा गठ्ठा होता हातात, पायरी दिसली नाही. पाठीच्या मणक्याचं हाड चेपलंय. डॉक्टर म्हणाले, सांधेल, पण महिनोन्‌महिने आडवं राहायचं, बसायचं नाही, धक्का बसू द्यायचा नाही. तुला कळवू नकोस अशी औषधवाल्याला शपथ घातली होती. त्या लबाडाने तुला नाही कळवलं, तुझ्या नवऱ्याला कळवलं, आणि तुला न सांगण्याचा शब्द त्याच्याकडून घेतला. म्हणजे शपथही राहिली आणि बातमीही गेली. मी त्याला खूप बोलले. तो म्हणाला, "दूध पिऊन घ्या, थंड होतंय."

का लपवलं, ते ऐक. तुझं शिक्षण, तुझं लग्न, सगळं ह्या मशीनवर शिवलं. मी कुणाच्या दारात आश्रित म्हणून जाणार नाही, आणि त्याच्या तर मुळीच नाही. त्याला मी काय काय बोलले आहे, तुला ठाऊक नसलेलंही आहे. मांडवात सगळ्यांसमोर त्याच्या हातावरच्या डंखांना हसले होते. मग तो हे का करतोय? त्याला काय हवंय माझ्याकडून? मी रात्रंदिवस छत बघत हाच विचार करते आणि उत्तर सापडत नाही. काही न घेता कुणी फळी करत नाही.

हसू येतं ते एकाच गोष्टीचं. तू मला फळीचं माप लिहिलंस, वीतभर जास्त म्हणून. मी ह्या गावातल्या प्रत्येक बाईचं माप डोळ्यांनी सांगू शकते. माझं मला ओळखू आलं नाही. शिंपिणीचं माप कोण घेतं?

येऊ नकोस. मी येणार नाही. आणि खरं सांगते, मला भीती वाटते. कूस बदलताना जे होतं ते मलाच माहीत. तुझ्या त्या दगडांवरून मी जिवंत पोचायची नाही.

ताई


३ ऑक्टोबर

ताई,

रडून झालं, भांडून झालं, आता लिहिते.

पहिल्यांदा वाटलं, आत्ताच्या आत्ता बस धरून यावं. हे म्हणाले, "जा, पण मग दोन दिवसांत ती तुला परत हाकलेल आणि पुन्हा एकटीच पडेल." खोटं आहे का? मी म्हटलं, मग भाड्याची गाडी आणि ड्रायव्हर आणू. ते म्हणाले, "भाड्याच्या माणसाला घरी परतायची घाई असते." डोंगराच्या पायथ्यापर्यंत रुग्णवाहिका येईलही, पुढचा रस्ता तिच्या आवाक्यातला नाही. म्हणून पातेलं.

तुझा प्रश्न मी त्यांना वाचून दाखवला. तुम्हाला ताईकडून काय हवंय? ते पेटीवर वाकले होते, वर बघितलं नाही. म्हणाले, "तुझा परकर-पोलका, शाळेची फी, सगळं तिनं शिवलं म्हणतेस ना. मग मला मिळालंय की आधीच." एवढंच. आणि हातावरच्या डंखांचं म्हणशील तर त्यांना ते आठवतही नाही. "त्या दिवशी हसली होती का कुणी?" असं विचारलं. ह्यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते तू ठरव. मी ठेवलाय. अवघड गेलं, सवय नाही ना.

तू म्हणाली होतीस दारात पाऊल ठेवणार नाही. नको ठेवूस. तुला उचलूनच आणायचं आहे.

डॉक्टरांशी औषधवाला बोलला आहे. आडवी, बांधून, धक्का न बसता नेली तर चालेल म्हणाले. मी रोज जाते त्या रस्त्याने, सकाळी जाते आणि दुपारी परत येते. वाळूची पोती काढली. आता फळीवर हे स्वतः झोपतात, डोळे मिटून, आणि मी कुठे चुकले ते बोट वर करून सांगतात. काल ओढ्यात एकदा बोट वर झालं. आज एकदाही नाही. पातेल्यातलं पाणी मात्र अजून थोडं सांडतं, खोटं कशाला बोलू?

भीती मलाही वाटते. तू सांगितल्यावरून मी मुद्दाम दिलेले ते दोन गचके माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. त्या पोत्याच्या जागी तू असतीस तर?

पुढच्या सोमवारी येते. नाही म्हणायचं असेल तर उठून दार लावून घे.

छोटी


२५ ऑक्टोबर

औषधवाले भाऊ यांस,

पाठीखाली उशा लावून थोडा वेळ कलतं होता येतं, म्हणून हे पेनने लिहिते आहे. अक्षर सरळ आहे हे बघून घ्या.

तुम्ही आणि ती आणि तिचा नवरा, तिघांनी मला जिन्यावरून खाली आणलं तेव्हा मी तुम्हाला काय काय बोलले ते मागे घेत नाही, कारण डावीकडचा हात तुमचा होता आणि तो दर पायरीला खाली झुकत होता. पण बाकीचं मागे घेते. गोदामाचंही.

प्रवासाचं विचारलं होतंत. मी डोळे उघडे ठेवून निघाले. मनाशी ठरवलं होतं की पहिला गचका बसला की ओरडायचं आणि गाडी मागे वळवायला लावायची. डांबरी रस्त्यावर वाट बघितली, नाही बसला. रस्ता संपला तिथे तिने गाडी उभी केली, तो छोटा दांडा ओढला आणि मागे न बघता म्हणाली, "ताई, आता दगड." मी फळीची कड धरली. तिचा नवरा माझ्या पायाशी बसला होता, त्याने माझे पाय धरले होते. खालून चाक वर चढल्याचं कळायचं, वर थांबल्याचं कळायचं, आणि उतरल्याचं कळायचंच नाही. लहानपणी मी तिला सुईत दोरा ओवायला शिकवायचे तेव्हा ती श्वास धरायची. तसाच धरलेला श्वास मला मागून ऐकू येत होता. मी मनात म्हटलं, अगं सोड, सोड तो श्वास.

मग ओढा आला म्हणतात. मला माहीत नाही.

भाऊ, तुम्ही माझ्या खोलीच्या खाली इतकी वर्षं राहिलात, तुम्ही ऐकलं असेल. मी दोन कड्या लावल्याशिवाय कधी झोपले नाही. पडले त्या दिवसापासून दार उघडं ठेवावं लागायचं, तेव्हापासून झोप अशी नव्हतीच, नुसतं छत. त्या दिवशी डोळे उघडले तेव्हा गाडी अंगणात उभी होती, इंजिन बंद होतं, आणि दोघं खाली उतरून दाराशी गुपचूप उभी होती. मी म्हटलं, "थांबलात का? ओढा कुठे आहे?" छोटी रडायला लागली. तिचा नवरा म्हणाला, "ओढा मागेच गेला. तुम्ही झोपला होतात. उठवलं नाही."

  संध्याकाळी मी त्याला म्हटलं, ह्या खोलीला कडी नाही. तो लगेच कडी आणि स्क्रू घेऊन आला, दाराशी बसला, डावा पाय लांब पसरून. मी म्हटलं, राहू द्या, गुडघा दुखेल.

माझ्या खोलीची किल्ली तुमच्याकडे आहे. ती तुमच्याकडेच ठेवा, आणि गोदामाला जागा लागली तर वापरा. मशीनवर तेवढा माझा जुना शालू पसरून ठेवा. आणि इकडे कधी आलात तर पायथ्याशी थांबून निरोप द्या. माझी बहीण घ्यायला येईल. गाडी तिचा नवरा चालवणार असेल तर मात्र बसू नका, तो फार गचके देतो.

आपली,
वरच्या मजल्यावरची शिंपीण